पुनमचा पाट

शिरूर अनंतपाळहून निलंग्याकडे जाणाऱ्या रस्त्याला डाव्या हाताला एक फाटा फुटतो. त्या फाट्यावरच्या गावात माळाईचे ठाणे आहे, आणि त्या ठाण्यावर केवळाबाईंच्या घराण्याचे दोन मान पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी देवीला तेलपाण्याचे स्नान घालायचे ते त्या घरच्या सुनेने. आणि अष्टमीला नऊ कुमारिका पाटांवर बसतात, त्यांतला पहिला पाट त्या घरच्या लेकीचा. पहिला मान केवळाबाई लग्न होऊन आल्या त्या वर्षापासून निष्ठेने सांभाळीत होत्या. दुसरा मात्र त्यांच्या हयातीत परक्याच्याच पदरात पडत गेला. पोटी एकटा बालाजी, लेक नाही. तेव्हा भावकीतली एखादी मुलगी मागून आणावी आणि तेवढ्या सकाळपुरती आपली म्हणावी, असे चालले होते. बालाजीला मुलगी झाल्याचे कळले, तेव्हा बाळंतिणीच्या उंबऱ्यातच केवळाबाई उद्गारल्या होत्या, "आली गं बाई माज्या पाटावरची!"

दुधाचे दात पडू लागले की मुलीला पाटावर बसवायचे, अशी त्या गावची रीत. यंदा पुनमचे पुढचे दोन दात पडले होते. हसली की तोंडात खिडकी उघडल्यासारखी दिसे.

अडचण होती ती दंडांची.

थंडीने वा भयाने माणसाच्या अंगावर काटा येतो आणि कारण सरले की मावळतो. पुनमच्या दंडांवर आणि मांड्यांच्या मागच्या अंगाला जो काटा होता, तो मावळतच नसे. खसखशीएवढे बारीक, कोरडे दाणे. डोळ्यांना कमी दिसायचे, पण हाताला किसणीसारखे लागायचे. खाज नाही, पू नाही, ताप नाही. पोरीचे त्यावाचून काही अडत नव्हते. अडत होते ते आजीचे.

कारण तोच काटा केवळाबाईंच्या दंडांवरही होता, आणि गावात ते कुणालाही ठाऊक नव्हते. लग्नाआधी त्यांच्या आईने मनगटापर्यंत बाह्यांची चोळी शिवून घेतली होती आणि "दिसू देऊ नको" एवढेच सांगितले होते. त्यांचे यजमान कैलासवासी शेषेराव मोठे मिस्कील गृहस्थ. नव्या नवरीच्या दंडावरून हात फिरवून ते म्हणाले होते, "अगं, ह्याच्यावर घासली तर काडी पेटंल की!" ते पोटभर हसले. केवळाबाई हसल्या नाहीत. त्यानंतर शेषेरावांनी तो विषय काढला नाही, पण वैशाखाच्या उन्हात चुलीपुढे बसतानासुद्धा त्या बाईने बाही कोपरावर चढवली नाही. नवऱ्याची एक चेष्टा जिला चाळीस वर्षे पुरली, तिने नातीच्या दंडांवर भर देवळात नऊ घरच्या बायकांची नजर पडण्याची कल्पना कशी सोसावी? पुनम पाटावर बसायला हवी, आणि त्याआधी तिचे अंग गुळगुळीत व्हायला हवे, असा त्यांनी निश्चयच केला.

उन्हाळ्यापासून त्यांनी तो निश्चय अमलात आणला. सुनेचे, वर्षाराणीचे, माहेर लातूरचे. तिचे वडील एका डाळमिलमध्ये मुनीम होते, त्यामुळे मसुरीच्या डाळीला घरात तोटा नव्हता. ती डाळ जाडसर दळायची, दुधात कालवायची, बंबातले कडकडीत पाणी काढायचे आणि पोरीला न्हाणीत उभी करायची. पिठाने भागले नाही, की टाचा घासायची वजरी.

"आज्जी, भाजलंय! सोड की!"

"उभी ऱ्हा नीट. माळाईपुढं बसायचंय का न्हाई?"

"न्हाई बसायचं मला!"

"वंगाळ बोलू नको, दात पडतील."

"पडलेतच की!"

दंड लालबुंद होत, दोन दिवस सोलवटल्यासारखे दिसत आणि तिसऱ्या दिवशी दाणे पूर्वीपेक्षा टणक होऊन वर येत. श्रावणात एके सकाळी पोरीच्या किंकाळीवर वर्षाराणी पिठाच्या हातांनीच न्हाणीत शिरली आणि तिने सासूच्या हातातली वजरी काढून घेतली.

"आत्या, हे कातडं हाय का तांब्याचा हंडा? आता चिंच-मीठ तेवढं राहिलंय, ते पण लावा."

"तुला काय कळतंय? घासल्याबिगर मळ निघंल का?"

"मळ असता तर एव्हाना निघाला असता. इतके म्हैने घासून ऱ्हायलाव, उलट वाढूलालंय. उद्याच्या एसटीनं मी हिला लातूरला नेते."

"पुरळासाठी कुणी लातूरला जातंय का?"

"मी जाते. तुमाला यायचं तर या."

केवळाबाई गेल्या. बालाजीही गेला, त्याला बाजारात सोयाबीनचा भाव बघायचा होता.

त्वचेच्या डॉक्टर महामाया यांचा दवाखाना शिकवणीवर्गांच्या गल्लीत वरच्या मजल्यावर होता. त्यांनी पुनमचे दंड खिडकीच्या उजेडात धरले, त्यावरून बोटे फिरवली आणि पहिला प्रश्न केला, "हिला कशानं घासता?"

पुनमने आजीकडे बोट दाखवले.

"हा रोग नाही," डॉक्टर म्हणाल्या. "कातडीला केसांची बारीक छिद्रं असतात. काहींच्या कातडीचा कोंडा तिथंच अडकतो आणि त्याचे असे दाणे बनतात. हे कुणाला लागत नाही आणि कुणाकडून लागलेलंही नाही. नाकाडोळ्यांसारखं घराण्यातून येतं."

"मग घासून तो कोंडा काढला तर?" केवळाबाईंनी विचारले.

"घासलं की कातडी भिते, काकू. भ्यायली की आणखी जाड होते." मग त्यांनी वर्षाराणीकडे वळून सगळे सांगितले. बंबाचे कडक पाणी बंद. कोमट पाण्याने थोडक्यात आंघोळ आटोपायची. साबण साधा, वासाचा नको. अंग पुसायचे नाही, मऊ फडक्याने टिपायचे, आणि ओल असेपर्यंतच मलम चोपडायचे, सकाळी आणि झोपताना. थंडी पडली की खरखर वाढते, तेव्हा चुकवायचे नाही. आग झाली तर थांबून नुसती पेट्रोलियम जेली लावायची. "या मलमात थोडा युरिया आहे. तो कातडीत पाणी धरून ठेवतो आणि कोंडा सैल करतो."

स्टुलावर पेंगणारा बालाजी 'युरिया' शब्दासरशी ताठ झाला.

"किती दिसात जाईल हे?" केवळाबाईंनी विचारले.

"जाणार नाही. मऊ होईल. मोठेपणी पुष्कळांचं आपोआप कमी होतं, काहींचं राहतं. राहिलं तर राहिलं."

केवळाबाई त्या तरुण बाईच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. ज्या गोष्टीभोवती त्यांनी जन्मभर कापड गुंडाळले होते, तिच्याविषयी कुणी इतक्या सहज बोलू शकते, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते.

"घरात आणखी कुणाला आहे का असं?"

"न्हाई," केवळाबाई म्हणाल्या आणि त्यांनी मनगटापाशी बाही ओढली.

डॉक्टरांची नजर त्या बाहीवर क्षणभर थांबली. "असलं तर मोठ्यांनीही हेच करायचं," एवढे म्हणून त्यांनी मलम लिहून दिले.

भाद्रपद सरता सरता पुनमच्या दंडांना मऊपणा येऊ लागला. दाणे होते, पण किसणी बोथट झाली होती. रोज आंघोळीनंतर वर्षाराणी तिला टिपून मलम लावी. आणि रोज आपल्या आंघोळीनंतर, न्हाणीचे दार लावून, केवळाबाई त्याच नळीतून बोटभर मलम आपल्या दंडांना लावीत. नळी सरायची त्याच्या कितीतरी आधी सरली.

"एवढ्यात कसं संपलं?" वर्षाराणीने नळी पिळून पाहिली. "पुनम, तू भिंतीला लावलीस का?"

"म्या न्हाई!"

केवळाबाई वाती वळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

नवरात्र बसले होते. सोयाबीन काढणीला आलेले, मजूर मोठ्या मिनतवारीने मिळालेले. लातूरला जायला घरात कुणालाच सवड नव्हती. वर्षाराणी रानात भाकरी घेऊन गेली आणि त्या दुपारी बालाजीने लेकीचा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला.

पोरीच्या रडण्याने केवळाबाई धावत बाहेर आल्या. ओसरीवर पुनम हात झटकीत नाचत होती आणि बालाजी एका वाटीकडे बघत उभा होता.

"काय लावलास रे तिला?"

"युरिया. खोबरेल तेलात कालवून."

"कंचा युरिया?"

"पोत्यातला. दुसरा कंचा असतोय?"

"अरे भाड्या, ती काय ऊस हाय का?"

"डाक्टरीणबाईच म्हणल्या व्हत्या ना, माय! मलमात बी तेच हाय. तिथं एवढुशी नळी, अन्‌ आपल्याकडं अख्खं पोतं पडलंय."

खताचे दाणे तेलात विरघळत नव्हते, म्हणून त्या गृहस्थाने ते तळहाताने रगडून जिरवायचा प्रयत्न केला होता. केवळाबाईंनी पोरीला हौदापाशी नेऊन तांब्या तांब्या पाणी ओतले. दंडांवर ओरखड्यांचे जाळे उमटले होते आणि त्या लालीवर एकेक दाणा आता लांबूनही मोजता आला असता. वर्षाराणीने रानातून येताच डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून हसू आवरणारा आवाज म्हणाला, "साध्या पाण्यानं धुवा, जेली लावा आणि आठवडाभर दुसरं काहीही नको. आणि पुनमच्या बाबांना म्हणावं, पोतं शेतातच न्या."

त्या रात्री बालाजी एकटाच ओसरीवर जेवला. कुणी त्याला वाढले नाही. त्याने आपणच घेतले.

अष्टमी चार दिवसांवर होती. वर्षाराणीने लेकीसाठी फुग्याच्या बाह्यांचे हिरवे परकर-पोलके शिवून घेतले होते. केवळाबाईंनी ते हातात घेऊन उलटसुलट केला.

"एवढ्या आखूड बाह्या? शिंप्याला सांगून खाली पट्टी जोडून घ्यावी म्हणते. मनगटापर्यंत."

"मला नको पट्टी," पुनम म्हणाली. "फुगा जातोय त्यानं."

"अगं, लाल दिसूलालंय. बायका बघतील."

"बघू दे की. तुझ्या हाताला पण हायत."

केवळाबाईंच्या हातातून पोलके सुटले. वर्षाराणीने चमकून सासूकडे पाहिले.

"तुला कुणी सांगितलं गं?"

"कुणी कशाला सांगंल? तुझ्यापाशी झोपते की मी. रोज लागतंय." पोरीला त्यात काही नवल वाटत नव्हते. "आज्जी, तू झाकतीस ते कुणी रागावलं व्हतं का तुला?"

कुणी रागावले होते का? केवळाबाईंनी मनात शोधले. आई रागावली नव्हती, घाबरली होती. शेषेराव रागावले नव्हते, हसले होते. दटावणारे कुणी नसताना त्या जन्मभर दटावल्यासारख्या वागल्या होत्या. त्यांनी पोलक्याची घडी घातली आणि ते होते तसे सुनेच्या हाती दिले. वर्षाराणी रिकाम्या नळीविषयी काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी गावातल्या दुकानातून तिने जेलीच्या दोन डब्या आणल्या आणि एक मुकाट्याने न्हाणीच्या फळीवर ठेवली.

अष्टमीच्या सकाळी माळाईच्या सभामंडपात नऊ पाट मांडले गेले. पाटांभोवती रांगोळ्या, प्रत्येकीपुढे केळीचे पान, मागे त्या त्या घरची बाई. पूजा सांगायला शिवप्रसाद गुरुजी होते. नांदेडला गोदाकाठी अध्ययन झालेले, वाणीने शुद्ध, आचाराने कडक आणि स्वभावाने भिडस्त. पहिल्या पाटावर पुनम, दुसऱ्यावर नागम्माची नात रूपाली. नागम्मा भावकीतली; केवळाबाईंची बालमैत्रीण नव्हे, पण पंचक्रोशीत तिच्याइतकी त्यांना ओळखणारी दुसरी कुणी नव्हती. दोघी एकाच साली सुना म्हणून गावात आल्या होत्या. केवळाबाईंना लेक नव्हती तेव्हा पहिल्या पाटासाठी नागम्माच्याच लेकी उसन्या जात.

गुरुजींनी आचमन केले. केवळाबाई तांब्या घेऊन पुनमचे पाय धुवायला वाकल्या, तेवढ्यात नागम्माची हाक आली.

"अक्का, थांब. पोरीच्या हाताला काय झालंय?"

सगळ्या माना वळल्या.

"काही न्हाई. खरचटलंय जरा."

"खरचटल्यावर दाणे येतेत व्हय? बघा की गं, दोनी दंड भरलेत!" नागम्माने रूपालीला पाटासकट आपल्याकडे ओढले. "शिवू नको गं तिला. खरूजबिरूज असंल."

"खरूज न्हाई ती," वर्षाराणी म्हणाली. "लातूरच्या डॉक्टरनं बघितलंय. लागत न्हाई कुणाला."

"डाक्टर काय, आज एक सांगतेत अन्‌ उद्या दुसरं. गुरुजी, तुमीच सांगा. असली पोर पाटावर चालती का?"

गुरुजी संकटात पडले. त्यांनी उपरणे सारखे केले. "शास्त्राप्रमाणे रोगयुक्त कन्या या पूजेला वर्ज्य मानली आहे," ते हळूच म्हणाले. "मानाचा प्रश्न आहे, मला समजतं. यंदा पहिल्या पाटावर दुसरी कन्या बसवू. पुढच्या वर्षी ही बरी झाली की बसेल. नाहीतर एखादी शाल पांघरा तिच्या अंगावर. दिसलं नाही म्हणजे कुणाच्या मनात किंतु राहणार नाही."

नागम्मा लगेच म्हणाली, "रूपाली सरकंल की एक पाट. घरचीच हाय."

पुनम पाटावर आक्रसून बसली होती. आपले दोन्ही दंड तिने आपल्याच पंज्यांनी झाकून घेतले होते. आजवर त्या पोरीने तसे कधी केले नव्हते. केवळाबाईंनी ते पाहिले. आपले मनगट बाहीत घालायला त्यांना आईने शिकवले होते. या पोरीला ते याच घटकेला, त्यांच्या डोळ्यांदेखत, अख्खे गाव शिकवीत होते.

"चल पुनम, ऊठ," वर्षाराणीने डोळ्यांतले पाणी मागे सारीत लेकीचा हात धरला. "नको आपल्याला असला मान."

"बस खाली!" केवळाबाई गरजल्या. मंडपात कबुतरे उडाली. "उठायचं न्हाई. आज उठलीस तर जन्मभर उठावं लागंल."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. मनगटावरचे बटण काढले, एका हाताने बाही वर सरकवली, कोपराच्या वर, दंडाच्या वर, खांद्यापर्यंत. मग दुसरी. गोऱ्या, सुरकुतलेल्या कातडीवर बारीक दाण्यांचे ते जुने रान सकाळच्या उन्हात उघडे पडले.

"बघा. नीट बघा. हा रोग असंल तर मला ल्हानपणापासनं हाय. नागम्मा, तुझ्या दोनी लेकींच्या लग्नाची हळद कुणी लावली? ह्याच हातानं. तुझा लेक ह्याच दंडावर झोपलाय. कुणाला काय झालं, सांग."

नागम्मा उसळली. "अन्‌ एवढी वर्सं लपवून ठेवलीस की गं आमच्यापासून! काही नसतं तर झाकलीस कशाला?"

घाव बरोबर बसला होता. केवळाबाई तो चुकवायला गेल्या नाहीत.

"भ्याले म्हणून झाकलं. आता न्हाई भीत. गुरुजी, रोगाची पोर बसवू नये, मान्य हाय. शास्त्राला मी नाव ठेवत न्हाई. पर हा रोग न्हाई, ही घडण हाय. माज्याकडून बालाजीला आली, त्येच्याकडून हिला."

बायकांच्या मागे उभ्या असलेल्या बालाजीने नकळत आपला दंड चाचपला.

"बाई, तुमच्या सेवेला कुणी दोष देत नाही," गुरुजी म्हणाले. "पण कुमारिका म्हणजे प्रत्यक्ष देवीचं रूप. ते रूप अव्यंग, निर्मळ असावं, एवढाच शास्त्राचा भाव."

"देवीचं रूप? तुमी बघितलंय का, गुरुजी?"

"म्हणजे?"

"शेंदराच्या आत. तुमी बघता ते डोळे, नथ अन्‌ शालू. न्हाण घालताना पडदा लागतोय अन्‌ आत मी एकटी असते. गावात आज जित्या माणसात आईचं उघडं अंग मला एकटीला ठाऊक हाय." केवळाबाईंचा आवाज खाली आला, आणि खाली आल्यामुळेच सगळ्यांना ऐकू गेला. "हात फिरवला की तळव्याला टोचतंय. डोक्यापासून खालपर्यंत दाणेच दाणे. माळावरचा दगड हाय तो, गुळगुळीत कशानं असंल? मला सासूनं सांगितलं व्हतं, आईला घासायचं न्हाई. कोमट पाणी घालायचं, मऊ फडक्यानं टिपायचं अन्‌ ओल हाय तंवर तेल चोपडायचं. ते मी हयातभर केलं. अन्‌ ह्या लेकराला मात्र वजरीनं सोललं."

त्या गाभाऱ्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी पडदा एका बाजूला धरला.

"ये नागम्मा. तू आत ये. जुना शेंदूर आत्ताच घटस्थापनेला उतरवलाय, नवं पुट पातळ हाय, हाताला लागंल. आईच्या अंगावरनं हात फिरीव, अन्‌ मग माज्या नातीला उठीव. पर आधी आईला उठवावं लागंल."

नागम्माचे पाऊल एकदा पुढे पडले आणि तिथेच थबकले. त्या थबकण्यात भक्ती किती आणि धास्ती किती, हे तिचे तिलाच ठाऊक.

"मी न्हाई बाई असलं पाप करणार," ती पुटपुटली. रूपालीला तिने बखोटीला धरून उठवले. रूपाली भोकाड पसरून "मला बांगड्या पायजेत!" म्हणत ओढली गेली. तिच्या पाठोपाठ आणखी एका घरच्या बाईने आपली मुलगी उचलली आणि कुणाकडे न पाहता ती पायऱ्या उतरून गेली. दोन पाने रिकामी पडली. उरलेल्या बायका एकमेकींकडे पाहत होत्या. शेवटच्या पाटामागची कोंडाबाई तेवढी ठसक्यात म्हणाली, "माजी पोर बसलीय. पुरण गार होऊलालंय, आटपा."

केवळाबाईंनी पडदा सोडला. त्या परत आल्या आणि पुनमपुढे मांडी घालून बसल्या. बाह्या खांद्यापर्यंत तशाच गुंडाळलेल्या होत्या.

"नवाच्या सात झाल्या, आत्या," वर्षाराणी हळूच म्हणाली.

"होऊ दे. पुनम, हात काढ दंडावरनं."

पोरीने आजीच्या उघड्या दंडांकडे पाहिले. मग एकेक करून आपले पंजे खाली घेतले.

शिवप्रसाद गुरुजी मघापासून उभेच होते. विद्वान माणसाला चूक कबूल करणे जड जाते आणि भिडस्त माणसाला भांडण जड जाते. ते बिचारे दोन्ही होते. त्यांनी मधला मार्ग काढला. पहिला पाट ओलांडून, रिकामा दुसराही ओलांडून ते तिसऱ्या मुलीपुढे बसले, पळीत पाणी घेतले आणि डोळे मिटून मंत्र सुरू केला.

"गुरुजी," केवळाबाई म्हणाल्या. "पहिलीपासून."

मंत्र थांबला. "बाई, मन शंकित असताना उच्चारलेला मंत्र फळत नाही."

"तुमचं मन तुमच्यापाशी ठेवा. पाट माजा हाय. तुमाला जमत न्हाई तर तसं सांगा, मी माज्या बोलीत म्हणते. आईला माजी बोली कळती, चाळीस वर्सं बंद पडद्याआड आमी दोघी तीच बोलतोय."

गुरुजींनी गाभाऱ्याकडे पाहिले. पडद्याच्या फटीतून शेंदराचा एक लाल तुकडा दिसत होता. त्याच्या पातळ पुटाखाली दगडाचा खडबडीतपणा त्यांना आज प्रथमच दिसला की केवळाबाईंच्या बोलण्याने तसा भासला, हे सांगणे कठीण. मग त्यांनी पळीतले पाणी ताम्हनात परत सोडले, आसन उचलले आणि ते पहिल्या पाटापुढे येऊन बसले. घसा साफ करून त्यांनी मंत्र पहिल्यापासून सुरू केला.

केवळाबाईंनी तांब्या कलता केला. पुनमने पाय पुढे केले.